आईकडून आलेलं

रक्त काढणाऱ्या ताईंचा हात हलका, म्हणून तान्ही बाळं त्यांच्याकडेच यायची. बाळांना नकळत कोरोना होऊन गेला का, हे रक्तातल्या अँटिबॉडीजवरून शोधायचं काम दवाखान्यात चाललं होतं.

एका मुलीला तिचे बाबा घेऊन आले. दिवस भरत आले असताना तिच्या आईला कोरोना झाला आणि बाळंतपणानंतर ती गेली. मुलीच्या रक्तात अँटिबॉडीज सापडल्या, तशी बाबांची पाचावर धारण बसली.

"घाबरू नका दादा, पोटात असताना आईकडूनही येतात," ताईंनी समजावलं.

तेव्हापासून ते ज्याला त्याला सांगत सुटले, "हिच्या रक्तात हिची आई आहे."

मुलगी बसायला लागल्यावर पुन्हा तपासणी झाली. या वेळी काहीच सापडलं नाही.

"म्हणजे त्या बहुतेक आईच्याच होत्या. काही महिन्यांत ओसरतात. चांगलंच आहे की," ताई म्हणाल्या.

बाबांचा चेहरा उतरला. "तेवढंही गेलं? पुन्हा एकदा बघा ना."

"उगाच पोरीला कशाला टोचायचं, दादा?"

ते मुलीच्या पायात मोजा घालू लागले. काही केल्या तो चढेना. शेवटी ताईंनीच चढवून दिला. त्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.