सुनेचं डोकं आणि मोबाइलमधल्या डॉक्टरीणबाई

आमच्या घरात औषधांपेक्षा दुखण्याचे किस्सेच जास्त साठलेत. लोक हसतात म्हणून मीच ते सांगत आले. आता सांगायला बसलं की माझं मलाच बोचतं.

माझी सून संगीता. घरात येऊन अकरा वर्षं झाली. डोक्याला फडकं आवळून भाकरी थापायची. मी आल्यागेल्याला सांगायची, "कामाचं नाव काढलं की आमच्या सूनबाईचं डोकं दुखतंय." बायका हसायच्या. तीही हसायची.

*

एकदा पालमहून एसटीनं तिला परभणीला दवाखान्यात न्यायला निघाले. उलट्यांनी बेजार झाली, अर्ध्या वाटेतच उतरलो. कंडक्टर म्हणाला, "मावशी, दवाखाना गाठायला आधी तब्येत चांगली लागती."

*

मग गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी मोबाइलवरून डॉक्टरला दाखवायचं ठरवलं. नंबर लागला दुपारी बाराला, आणि रेंज फक्त आमच्या स्लॅबवर. जिला उजेड सोसत नाही तिला भर उन्हात बसवलं. मी वरून पदर धरला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशंटला अंधाऱ्या खोलीत बसवा."

"बाई, खोलीत रेंज न्हाई, अंधारात तुमी दिसत न्हाई."

*

त्या विचारतील ते मीच सांगत होते. शाळेचं तोंड न बघता वाचायला शिकलेली बाई मी. घरातला फॉर्म, अर्ज, साहेब, सगळं माझ्याकडं.

"किती वेळा दुखतं?"

"महिन्यातून एखाद्या बारी."

"झोप?"

"लय झोपती."

"आजी, डोकं कुणाचं दुखतंय?"

"तिचं."

"मग त्यांना बोलू द्या."

संगीता हळूच म्हणाली, "आठवड्यातून तीनदा, मॅडम. लग्नाच्या आधीपासून हाय, पण इथं आल्यावर वाढलं."

अकरा वर्षं आम्ही एका चुलीपाशी बसलो, आणि हे मी मोबाइलसमोर ऐकलं. बाई म्हणाल्या, याला मायग्रेन म्हणतात. मी त्याला नखरे म्हणत होते.

*

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. उपाशी राहू नका, झोप मोडू नका, असं सांगितलं. फोन ठेवायच्या आधी विचारलं, "मधे कधी बरेच दिवस दुखलंच नाही, असं झालं का?"

संगीतानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "सांग की."

"झालं एकदा. आठ दिवस."

"तेव्हा कुठं होता तुम्ही?"

"माहेरी. आई वारली होती."