वृषालीच्या हातची नवरी

मंचरच्या पेठेत वृषालीनं पहिलं ब्युटी पार्लर काढलं तेव्हा बायका तिथं जायला इतक्या लाजायच्या, की आधी माझ्या बांगड्यांच्या दुकानात शिरायच्या आणि कुणी बघत नाही असं पाहून शेजारच्या पडद्याआड व्हायच्या. मी गोजरबाई, जातीची कासारीण. माझ्या दुकानात एवढी गर्दी आधी कधी नव्हती आणि त्यातली एकही बाई बांगडी घ्यायची नाही, म्हणून माझा जळफळाट व्हायचा. पण पोरगी मनाची चांगली होती. अवसरी बुद्रुकच्या शेतकऱ्याच्या घरची सून, पुण्यात मावशीकडं राहून कोर्स करून आलेली. नवरा टोमॅटोचा टेम्पो घेऊन गुजरातपर्यंत जायचा आणि घरी आला की झोपायचा.

भुवया कोरणं हे तिचं पोटापुरतं काम. जीव अडकलेला होता तो नवरीत. तोवर आमच्याकडच्या नवऱ्या हळदीच्या पिवळ्या तोंडावर पावडर थापून बोहल्यावर उभ्या राहायच्या आणि घाम आला की पिठल्यासारख्या दिसायच्या. वृषाली सकाळपासून एकाच पोरीपाशी बसायची. तिचं झालं की मागं सरून उभी राहायची.

"नवरी उठून आरशात बघती ना काकू, तेवढ्यासाठी समदं करायचं," ती म्हणायची. "माझी इंद्रायणी नवरी व्हईल तवा बघाल." इंद्रायणी तेव्हा माझ्या पायरीवर बसून फुटक्या बांगड्यांशी खेळायची.

दोन-तीन वर्षं बरी गेली. मग समोर रमणलाल शेठजींच्या कापडदुकानाच्या माडीवर त्यांच्या सुनेनं, चेतनानं, पार्लर काढलं. राजस्थानातून आलेलं जैन घर, पण इथं इतक्या पिढ्या झाल्या की त्यांची मराठी आमच्याहून शुद्ध. चेतनाकडं एसी होता. वृषालीनं कूलर आणला. त्याचं पाणी उडून नवरीचं काजळ ओघळलं, म्हणून तो परत गेला. चेतनानं पाटी लावली, नवरीसोबत करवली फुकट. वृषालीनं लावली, करवली आणि नवरीची आई फुकट. चेतनानं त्यात वरमाय घातली. त्या लग्नसराईत खुरपायला जाणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा कोरलेल्या भुवयांनी फिरत होत्या. त्यांच्या तोंडावर सदा कशाचं तरी नवल वाटल्याचा भाव. पेठ हसून हसून दमली, या दोघींना मात्र हसू येत नव्हतं.

त्यातच रमणलाल शेठजींच्या मुलीनं, राखीनं, दीक्षा घ्यायचं ठरवलं. बी. कॉम. झालेली, हसरी पोरगी. जैनांत हा मोठा मान. संसार सोडण्याआधी मुलीला नवरीसारखं सजवून गावातून मिरवतात, त्याला वरघोडा म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती सगळं उतरवते, केस जातात, पांढरी वस्त्रं येतात. राखीला सजवायची ती तिच्या वहिनीनं, म्हणजे चेतनानं, हे धरूनच चाललं होतं. आणि एके दुपारी चेतना रस्ता ओलांडून वृषालीच्या पडद्याशी येऊन उभी राहिली.

"राखीला तू सजव. माझ्यानं व्हायचं नाही. हात लावला की रडू येतं."

वृषालीला त्यातलं रडू ऐकू गेलं नाही. "शेवटी आलीच का न्हाई खाली," ती मला म्हणाली आणि त्या दिवशी तिनं पेढे वाटले.

राखीला तिनं अशी सजवली की मी तशी नवरी आजवर पाहिली नाही. चुडा मीच भरला. उघड्या गाडीतून राखी दोन्ही हातांनी पैसे, वस्तू सगळ्यांना वाटत, उधळत निघाली. अख्खा तालुका बघायला लोटला होता आणि जो तो विचारत होता, नटवली कुणी. दुसऱ्या दिवशी राखीचे केस उतरवले जात असताना चेतना चक्कर येऊन पडली. वृषाली तिथं नव्हती. ती फोटो स्टुडिओत राखीचा वरघोड्यातला फोटो मोठा करून घेत होती. तो तिनं दुकानाच्या काचेवर आतून लावला.

इथंच ती चुकली. तिला त्या फोटोत स्वतःची कारागिरी दिसत होती आणि गावाला काय दिसेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

पारगावच्या कोंडाबाईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, वृषालीशी बोलणं झालं होतं. कोंडाबाई आली, फोटोपाशी थबकली.

"ही कुणाची गं नवरी? दिली कुठं?"

"दिली न्हाई. दीक्षा घेतली तिनं. साध्वी झाली."

कोंडाबाई बाहेर येऊन माझ्याकडं हिरव्या बांगड्या बघत म्हणाली, "हिनं नटवली ती पोर घर सोडून गेली म्हनायची."

"अहो, त्यांच्यात ते चांगलं मानतात," मी म्हणाले.

"त्यांच्यात मानत्यात. आमाला पोरगी नांदवायची हाय."

ती रस्ता ओलांडून माडी चढली. तोंडोतोंडी गोष्ट गावोगाव गेली. वृषालीच्या हाताला वैराग्य आहे, तिचा हात लागला की पोर संसारात रमत नाही. अवसरीची एक पोरगी नवऱ्याच्या मारापायी माहेरी परतली, तर तेही वृषालीच्याच नावावर लागलं. मला याची इतकी चीड यायची. राखीला चुडा मी भरला होता, माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. कारण सोपं होतं, पेठेत कासारीण मी एकटीच होते. चेतना कुणाला वावगं बोलली नाही, उलट दोनदा आलेली गिऱ्हाइकं तिनं परत वृषालीकडं पाठवली. ती गिऱ्हाइकं माडी उतरून सरळ आपापल्या घरी गेली. फोटो तर वृषालीनं केव्हाच काचेवरून उतरवला होता.

काही वर्षांनी राखी, आता साध्वी, चातुर्मासासाठी मंचरला आली. मीच वृषालीला म्हणाले, जा, चार बायकांपुढं तिच्या तोंडून एक शब्द येऊ दे. साध्वी उतरल्या होत्या त्या जैन स्थानकात खूप बायका जमल्या होत्या, आमच्यातल्याही होत्या, कोंडाबाईसुद्धा. वृषालीनं लांबून हात जोडले आणि विचारलं, "माझ्या हातात काही वाईट हाय का, ते तुमीच सांगा."

साध्वींनी तिला ओळखलं. चेहरा उजळला. "वाईट कसं असेल? ह्या ताईंनी त्या दिवशी मला इतकं सुंदर सजवलं, की आरशात पाहिलं आणि वाटलं, आता बघायचं काही उरलं नाही. होता नव्हता तो मोह तिथंच सुटला. यांचे माझ्यावर फार उपकार आहेत."

मनापासून बोलल्या त्या. कोंडाबाईनं शेजारणीकडं बघितलं आणि मला कळलं, संपलं.

दिवाळीच्या आत वृषालीनं पडदा उतरवला. पुढं ती घरीच शेजारणींच्या भुवया कोरायची. नवरी म्हणून कुणी आलं नाही.

इंद्रायणीचं लग्न ठरलं ते २००९ साली, जुन्नरकडच्या स्थळाशी. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि विचारायलाही कुणी गेलं नाही. पोरगी हट्ट धरून बसली, आईच्याच हातनं नटणार. वृषाली माझ्या दुकानापर्यंत आली आणि तिथून माडी चढली. मी मागोमाग गेले.

"अगं, तुझी मुलगी आहे, तूच सजव," चेतना म्हणाली. "मी असलं काही मानत नाही."

"तुमी न्हाई मानत, चेतनाताई. मी मानते आता."

मला संताप आला. सगळ्या तालुक्यानं मानलं तरी हिनं मानायला नको होतं. मी तिथंच तिला वाट्टेल ते बोलले.

लग्नाच्या दिवशी चेतनानं इंद्रायणीला सजवलं, आणि चांगलं सजवलं. वृषाली खाली माझ्या पायरीवर बसून होती. पोरगी जिना उतरून समोर आली, आईपुढं वाकली. तिच्या मुंडावळीत केसांची एक बट अडकली होती. वृषालीचा हात तिच्या कपाळापर्यंत गेला आणि तिनं तो पदरात ओढून घेतला.

"काकू," ती म्हणाली, "तेवढी बट सरळ करा."

मी केली.