पुढच्या चाकाचे फेरे

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे, एवढं सोडून. मुलांना तर नाहीच. आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतोय.

वडील शाहूपुरीत गुळाच्या ढेपा उचलायचे. पाठीवर पोतं अंथरून दिवसभर ढेपा. अंगाला गूळ चिकटलेला, रस्त्यानं येताना माश्या मागं. घरात चहा मात्र बिनसाखरेचा. मी बी.एस्सी. झालो तेव्हा त्यांनी निकालाचा कागद उलटा धरून वाचला आणि म्हणाले, "झ्याक हाय की!" आमच्या सात पिढ्यांत पहिला मीच. याचा मला गर्व होता. अजूनही आहे. तो लपवत नाही. लपवलं ते दुसरंच.

नोकरी मिळेपर्यंत मी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात काम करायचो. तिथं दस्तगीरचाचा हेड मिस्त्री होते. पेठ वडगावचे. अक्षरओळख नाही, पण गिअरचा आवाज ऐकून कुठला दात गेलाय ते सांगायचे. मला हाक मारायचे ती "ए बीएस्सी!" चिडवायचे, आणि शिकवायचेही.

कुरुंदवाडच्या एका अण्णांची जीप आली. त्यांचा खडीचा ठेका गगनबावड्याच्या बाजूला होता. चिखलासाठी त्यांनी मोठे टायर चढवले आणि जीप चढाला दम टाकायला लागली. टायर मोठा झाला की इंजिनला ओझं जड होतं. मग चाकांमधला क्राउन-पिनियन, म्हणजे चाक फिरवणारी दात्यांची जोडी, मोठा क्राउन आणि लहान पिनियन, बदलावी लागते. आणि चारी चाकांनी ओढणाऱ्या जीपला ती मागं-पुढं अगदी सारखी लागते. मागं एक, पुढं दुसरी असली तर दोन बैल दोन चालींनी चालल्यागत होतं. चिखलात कळत नाही, चाकं घसरून भागतं. कडक जमिनीवर काहीतरी तुटतंच.

दोन्ही जोड्या जुन्या बाजारातून आणलेल्या. म्हणून चाचांची रीत अशी, की बसवल्यावर मोजायचंच. चाकं उचलायची, टायरवर खडूची रेघ, इंजिनाकडून चाकांकडं येणाऱ्या शाफ्टवर खडूची रेघ. चाक एक फेरा फिरलं की शाफ्ट किती फिरला, ते खाली झोपून मोजायचं. मागचं त्यांनी स्वतः मोजलं. पाच फेरे आणि वर थोडं. तो शुक्रवार होता. नमाजाला जाता जाता म्हणाले, "पुढचं तू मोज. आणि बोटानं मोज बाबा, कागदानं चाक फिरत न्हाय."

मी खडू घेतला. तेवढ्यात दारात कॉलेजचे तिघे मित्र येऊन उभे राहिले. इस्त्रीच्या कपड्यात.

त्यांच्यासमोर ऑइलात पाठ टेकून झोपू? मी बी.एस्सी.? — मी खडू कामाच्या शर्टाच्या खिशात टाकला, तो तिथंच राहिला. त्यांच्याशी नोकरीच्या गप्पा मारल्या. ते गेल्यावर तरी मोजायचं होतं. वेळ होता. पण अण्णा घाई करत होते, आणि मी वहीत मागच्या चाकांचाच आकडा पुढच्यांसाठी लिहून टाकला. खरं सांगू? बसवताना पुढचा पिनियन हाताला जरा जाड लागला होता. लागला होता, नक्की.

चाचांनी येऊन विचारलं, "मोजलंस न्हवं?"

"मोजलं की."

एवढंच. तीन अक्षरं आणि एक 'की'.

पुढचे चार दिवस मी कसे काढले? रस्त्यावर जीप वाजली की हातातलं काम टाकून दारात जायचो. जेवताना मनात फेरे मोजायचो. पाच? की पाचालाही कमी? एसटीत बसून गगनबावड्याला जायला किती वेळ लागला असता? एकदा स्टँडपर्यंत गेलो. गाडी उभी होती. मी परत आलो. चार दिवस जीप मागच्याच चाकांवर चालली असणार, पुढची जोडलीच नसणार, म्हणून सगळं ठीक — अशी मनाची समजूत घालत राहिलो.

पाचव्या दिवशी ट्रकला बांधून जीप आली. चारी चाकं लावून चिखलातून चढत ती कडक कातळावर आली आणि शाफ्ट तुटला. जीप मागं घरंगळली. ड्रायव्हरचा पाय मोडला.

गॅरेजच्या मालकांनी सगळ्यांसमोर पुढचं हौसिंग, म्हणजे त्या जोडीवरचं लोखंडी कवच, उघडायला लावलं. चाचांनी पिनियनच्या दातांवरून बोट फिरवलं. मागं आठ दात होते. पुढं नऊ निघाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच.

मालक ओरडले, "डोळं गेलं काय म्हाताऱ्या? मोजलं न्हाईस?"

मी बोलायला हवं होतं. चाचा म्हणाले, "मोजायचं काम माझं हुतं. चूक माझी." पाना पुसून पेटीत ठेवला आणि चालू लागले. दारातून वळून मला म्हणाले, "बीएस्सी, खडू खिशात राहिलाय तुझ्या. कापडं खराब हुतील."

म्हणजे त्यांना कळलं होतं.

नंतर ते वडगावात सायकलींची पंक्चरं काढत बसायचे. मी त्या रस्त्यानं पुष्कळदा गेलो. एसटीच्या दुसऱ्या बाजूला बसून. त्यांच्या मयतालाही गेलो नाही. तो ड्रायव्हर पुढं लंगडतच चालला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्याच महिन्यात मालकांनी मला अनुभवाचं पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, "मोजमापात अचूक." त्या पत्रावर मला कारखान्यात तपासनीसाची नोकरी लागली. पहिल्या पगाराच्या दिवसापासून वडिलांनी ढेप उचलली नाही.