डावीकडची जागा

दारात येऊन तो कधी हाक मारत नसे. जीभ टाळूला लावून 'टक् टक्' करायचा, घोड्याला चालवताना करतात तसं. मग म्हणायचा, "बसलेला घोडा गेला समजा, रावसाहेब. चला, टहलो!"

तुमच्याही गल्लीत असा कोणी असेल, तर त्याला नीट बघून घ्या.

संस्थानच्या पागेत मी स्वार होतो, तो माझ्या घोड्याची निगा राखणारा सईस. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य झालं, पागा मोडली. घोडे कोण कुठे घेऊन गेलं, देव जाणे. मी घरी बसलो. त्यात बायको गेली. त्यात न्हाणीत पडलो आणि गुडघा आखडला. तुकोगंजचे डॉक्टर म्हणाले, चालला नाहीत तर पाय असाच राहील. म्हटलं, राहू दे. स्वाराच्या हातात काठी? छे.

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी खाटेवरूनच ओरडलो, "सईसाच्या हाताने चालू मी?"

"क्यों भिया? तुमचा घोडा वीस वर्षं कोणाच्या हाताने चालला? तुम्ही खोगीर उतरवून घरी जायचे. त्याचा घाम सुकेपर्यंत टहलवत कोण होता?"

उठलो. रागाने का होईना, उठलो.

तो कायम माझ्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल पुढे. हात लगाम धरल्यासारखा उचललेला, पण मला लावायचा नाही. वाटेत आणखी तीन-चार दारं घ्यायचा. "घोडा एकटा चरत नाही," म्हणायचा. एका पुजाऱ्यांना ऐकू येत नसे. त्यांच्या मानेवर तो थोपटायचा. पुजारी चिडायचे आणि चपला घालायचे.

दिवे लागायच्या वेळी आमची रांग नदीकाठी राजघराण्याच्या समाधींवर उभ्या छत्र्यांपर्यंत जायची. पाण्यावरून धुकं उठायचं, आणि खरं सांगतो, त्या धुक्यात मला टापा ऐकू यायच्या. मी थबकायचो. तो हळूच म्हणायचा, "मला पण." मग खिशातून सगळ्यांना मूठ मूठ फुटाणे. "घ्या तोबरा." दात नसलेल्यांना गूळ.

एका हिवाळ्यात दोन दिवस 'टक् टक्' आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीवर गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खाटेला खिळला होता. मी दारात उभा राहून जीभ टाळूला लावली. नीट वाजली नाही.

"स्वाराला कुठून येणार?" तो हसला. आणि उठला.

मी त्याच्या डाव्या अंगाला गेलो. दारापासून अंगणातल्या कडुलिंबापर्यंत आणि परत, बस. खाटेवर टेकताना म्हणाला, "आता खोगीर उतरवा, रावसाहेब."

दुसऱ्या दिवशी गेलो, तर खाट भिंतीला उभी केलेली.

आता दारोदार 'टक् टक्' मी करतो. अजून नीट वाजत नाही. संध्याकाळी छत्र्यांकडे निघतो तेव्हा सगळे माझ्या उजवीकडून चालतात. चुकून कोणी डावीकडे आलं, तर पुजारीच त्याची बाही धरून ह्या बाजूला ओढतात.