तेरा अंशांवरचे घरमालक

आमच्या घरमालकांना विचारल्याशिवाय सूर्य बोटभरही इकडचा तिकडे होत नाही, याबद्दल बंगळूरच्या इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत कुणालाच शंका नव्हती. त्यांना स्वतःला तर मुळीच नव्हती. मी घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही, मांसमच्छी खाता का हेही विचारलं नाही. "गाव कुठलं?" म्हणाले. मी नागपूर म्हटलं. "एकवीस!" ते उद्गारले. मला वाटलं, माझं वय चुकीचं धरतायत. "अक्षांश हो! आम्ही तेरावर. सूर्य आमच्या डोक्यावर एप्रिलात येतो, तुमच्याकडे पोचेपर्यंत मे संपत येतो. आम्ही आधी, बघा." त्यांचे मराठी पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले ते बहुधा याच एका लाभासाठी, असा त्यांचा चेहरा होता.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. जन्मभर एका कारखान्यात नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस. हाताला रेघ मारल्याशिवाय चैन नाही. गच्चीवर त्यांनी झाडूचा दांडा उभा रोवला होता आणि रोज दुपारी त्याच्या सावलीच्या टोकाला खडूची खूण करायचे. डिसेंबरात ती सावली उत्तरेला लांब पडायची, मग आखडत आखडत एप्रिलच्या शेवटी नाहीशी व्हायची, आणि नंतर चक्क दक्षिणेला निघायची. कारण मे ते ऑगस्ट बंगळूरचा सूर्य दुपारी उत्तरेकडे असतो. हे मला पदवी असून ठाऊक नव्हतं. ते कळलं एका जूनमध्ये, आमच्या वाळत घातलेल्या चादरी दक्षिणेच्या गॅलरीतून गायब झाल्या तेव्हा. बायको चोर चोर म्हणून ओरडली. चादरी मागच्या बाजूला, नव्या दोरीवर, चिमटे लावून लटकत होत्या. "सूर्य तिकडे गेला, तुम्ही इकडेच!" अण्णा म्हणाले. एकदा समोरच्या इमारतीत दलाल गिऱ्हाइकाला सांगत होता, की खिडक्या उत्तरेच्या, ऊन कधी यायचंच नाही. अण्णा रस्ता ओलांडून गेले आणि "जूनमध्ये या, जूनमध्ये!" असं इतक्या कळकळीने म्हणाले, की गिऱ्हाईक गेलं ते परत आलंच नाही.

एप्रिलच्या त्या बिनसावलीच्या दुपारी सगळ्या भाडेकरूंना गच्चीवर हजर राहावं लागे. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, गुळाचं पानक आणि मुगाच्या डाळीची कोसंबरी करायच्या. मी एकदा मीटिंग आहे म्हणून कां-कूं केलं. "मीटिंग रोज असते हो. सूर्य वर्षातून दोनदाच डोक्यावर येतो, आणि ऑगस्टात ढग असतात!" मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर उभा राहिलो.

त्यांची एकुलती लेक नोकरीसाठी स्कॉटलंडला होती. नवराही तिथलाच. तिला अण्णा फोनवर पहिला प्रश्न विचारायचे, "आज किती उंच?" ती चिडायची, वाद घालायची. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती नुसतीच "सरी अप्पा, सरी अप्पा", म्हणजे बरं बाबा, बरं बाबा, म्हणायला लागली. अण्णा अस्वस्थ झाले. जिना चढताना मला थांबवून म्हणाले, "छप्पन्न अंश. हात लांब करून मूठ धरा. डिसेंबरात भर दुपारी सूर्य जमिनीपासून एवढाच वर. चारच्या आत मावळतो. पोर कशी राहत असेल?" अक्कांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या जाऊ शकत नव्हत्या. मग चेन्नईपलीकडे कधी न गेलेला हा माणूस व्हिसा काढून, दोन स्वेटर आणि एक होकायंत्र घेऊन एकटा विमानात बसला.

महिन्याभराने परतले ते जरा वाळलेले. मी चहा घेऊन खाली गेलो. अण्णांनी सांगितलं, जावई सहा महिन्यांपूर्वीच घर सोडून गेला होता. लेकीने कुणाला कळवलं नव्हतं. आता ती सावरतेय, पण तिथेच राहणार, असं म्हणाली.

"तुम्हाला तिनं सांगितलं कसं?"

"पोचल्यावर होकायंत्र लावून बघितलं. समोरच्या दोन घरांमधल्या फटीतून तिच्या स्वयंपाकघरात अर्धा तास ऊन येणार, असा हिशेब निघाला. टेबल ओढून कोपऱ्यात नेलं. ती बघत राहिली. तीन दिवस ढग. चौथ्या दिवशी आलं. पिवळं, अगदी आडवं; थेट तिच्या तोंडावर. आणि ती बसल्या बसल्या रडायला लागली. म्हणाली, अप्पा, तो गेला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

अण्णांनी कप खाली ठेवला.

"काही नाही हो. ऊन सरकत होतं. तिची खुर्ची स्वल्प सरकवली."