कापणीचा अर्ज

“हळू कशाला बोलायचं? तिला कुठं मराठी कळतंय?” काकू म्हणाली.

‘ती’ म्हणजे आमच्या गोठ्यात पंचवीस वर्षं काम करणारी बाई. ती शेण भरत होती. काका आणि काकू मागच्या पायरीवर कॉफीचे पेले घेऊन बसले होते, आणि मी विहिरीजवळच्या दगडावर पुस्तक उघडून. साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी तंजावरला कॉलेजात होते आणि पोंगलच्या सुट्टीत तिरुवैयारुजवळच्या आमच्या गावी आले होते. शेती काका पाहायचे.

“रामनाथपुरमकडून दोन लॉऱ्या भरून माणसं येतायत,” काका म्हणाले. “सोमवारी सकाळी कापणीला लावतो. इथल्यांच्या मागण्या ऐकत बसलो तर भात शेतातच झडून जाईल.”

“इथल्यांना कधी सांगणार?”

“सांगायचं कशाला? शेतावर आल्यावर दिसेलच.”

“तिकडची माणसंही उपाशीच असतील हो.”

“म्हणून तर स्वस्तात येतात.”

गोठ्यातला खराटा थांबला. क्षणभरच. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात. मी पान उलटलं. उलटलेलं पान मी वाचलेलं नव्हतं.

आमच्या घरातली ही जुनी खोड. परसात, खळ्यावर, बाजारात, कुणापासून काही झाकायचं असलं की आम्ही तमिळ सोडून मराठीत शिरायचो. दार लोटून आतल्या खोलीत जावं तसं. तिच्यासाठी ते दार कधीच लागलेलं नव्हतं, हे घरात फक्त मला माहीत होतं. मी सात-आठ वर्षांची असताना याच विहिरीपाशी माझ्या पायाजवळून साप गेला होता. मी किंचाळणार, तेवढ्यात गोठ्यातून आवाज आला, “हलू नको गं. तिथंच उभी ऱ्हा.” आमचीच मराठी, आमच्याच हेलात. साप गेल्यावर तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि हसली. मी कुणाला सांगितलं नाही. आधी तिनं खूण केली म्हणून, आणि पुढं न सांगणं हीच माझी सवय झाली म्हणून.

आमच्याकडं रीत अशी होती की ज्या बायकांनी रोप लावलं, त्यांनीच ते पीक कापायचं. लावणीची मजुरी अगदी किरकोळ. खरी मिळकत कापणीला, कारण ती धान्यात मिळायची, मरक्काल नावाच्या मापानं मोजून. त्या भातावर चेरीतल्या, म्हणजे गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीतल्या, चुली पुढचे कितीतरी महिने पेटायच्या. त्या वर्षी त्यांनी दिवसाला अर्धं मरक्काल जास्त मागितलं होतं. काका नाही म्हणाले होते. त्यांनी पुन्हा मागितलं होतं. एवढंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला ओट्यावर बोलावलं. समोर कोरा कागद आणि दौत होती.

“एवढी फी भरून तुला कॉन्व्हेंटात घातली ती कशासाठी? पोलीस स्टेशनला एक अर्ज लिही. फर्मास इंग्रजीत.”

ते मराठीत सांगत होते आणि मी इंग्रजीत उतरवत होते. आमच्या शेतावर बाहेरची माणसं कामाला येत आहेत, त्यांना संरक्षण मिळावं. कारण इथल्या मजुरांनी कापणीला नकार दिला आहे.

माझा टाक थांबला. “नकार दिलाय त्यांनी?”

“जास्त मागणं म्हणजे नकारच की.”

“पण...”

“पण काय?”

“काही नाही,” मी म्हणाले.

मी ते वाक्य लिहिलं. आणि एक गोष्ट आजही अंगावर येते. नुसता नकार मला फिका वाटला. कॉलेजात नुकताच शिकलेला एक भारदस्त शब्द मी आपणहून त्यात घातला. त्यानं अर्थ झाला की त्यांनी हेतुपुरस्सर, हट्टानं नकार दिला. काकांनी कागद वाचला, त्या शब्दापाशी थांबले, मान हलवली आणि म्हणाले, “शाब्बास.” मला बरं वाटलं. जिना चढेपर्यंत बरं वाटत होतं.

मग कुठंच बसवेना. परसात गेले तर ती तिथं होती. माजघरात गेले तर काकू लॉरीतल्या माणसांसाठी किती तांदूळ शिजवायचा याचा अंदाज करत होती. कालव्यापर्यंत चालत गेले आणि तशीच परत आले. तिला जाऊन सांगावं असं वाटत होतं, पण तिला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तिला सगळं माहीत होतं, फक्त अर्जाचं सोडून. आणि तेवढंच सांगायचं माझ्यानं होत नव्हतं. संध्याकाळी ती निघाली तेव्हा मी वाटेत उभी होते.

“काय, चिन्नम्मा?” तिनं तमिळमध्ये विचारलं. घरातल्या धाकट्या मुलीला ती याच नावानं हाक मारायची.

“काही नाही,” मी पुन्हा म्हणाले.

रविवारी लॉऱ्या आल्या. माणसांना गाडीखान्यात उतरवलं. सोमवारी उजाडताना मी गच्चीवरून पाहिलं तर शेतात आधीच कुणीतरी उभं होतं. चेरीतल्या तीसेक बायका कमरेला विळे खोचून पिकाच्या कडेनं रांगेत उभ्या होत्या, आणि रांगेच्या टोकाला ती. मी धावत खाली उतरले आणि बांधावर जाऊन काकूशेजारी उभी राहिले. काका माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, “दिवस यांना कुणी सांगितला?” ते माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मग रामनाथपुरमची माणसं विळे घेऊन आली आणि समोरच्या बांधावर थांबली. मध्ये पिवळं भात. कुणीच पहिला विळा घालेना.

“काय गं,” चेरीतली एक म्हातारी ओरडली, “तुमच्या गावात गवतसुद्धा उगवत नाही का?”

पलीकडून माझ्याच वयाची एक मुलगी उत्तरली, “तळं आटलंय, पाटी. माती खायची का आम्ही?” तमिळमध्ये आजीला पाटी म्हणतात.

“म्हणून आमच्या ताटातलं खायला आलीस होय?”

“ताट कुणाचं ते आम्हाला कोण सांगणार? लॉरीत बसा म्हणाले, बसलो.”

म्हातारीनं काकांकडं हात केला. “रायरय्या, तुमचे आजे-पणजेसुद्धा बाहेरूनच आले ना? त्यांना कुणी परत धाडलं नाही!”

मराठ्यांच्या फौजेबरोबर तंजावरला आलेल्या आमच्यासारख्या मराठी बोलणाऱ्यांना तिथं रायर म्हणतात. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती मुलगी मोठ्यानं म्हणाली, “ते घोड्यावरून आले, पाटी. घोड्यावरून आलं की मालक, लॉरीतून आलं की चोर!”

दोन्ही बांधांवर हशा पिकला. त्या हशात मला वाटून गेलं की ही माणसं आता एकमेकांशी बोलतील आणि काहीतरी मार्ग काढतील. काकांनाही तेच वाटलं असावं. ते काकूला घाईनं मराठीत म्हणाले, “इन्स्पेक्टर येईपर्यंत कुणी काही बोलू नका. अर्ज त्याच्या हातात आहे. नकार दिला असं लेखी आहे म्हटल्यावर यांना इथून हाकलून देईल, आणि पुढच्या लावणीलाही यांना उभं करायची गरज नाही.”

रांगेच्या टोकाला तिनं मान वर केली. तिनं काकांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. अर्ज हा शब्द तिनं तेव्हा पहिल्यांदा ऐकला होता, आणि या घरात इंग्रजी अर्ज लिहू शकेल असं कोण आहे, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

इन्स्पेक्टर सायकलवरून आला. मागून दोन शिपाई चालत आले. त्यानं खिशातून माझा कागद काढला. घड्यांवर शाई पुसट झाली होती, पण अक्षर लांबूनही माझंच दिसत होतं.

“तुम्ही कापणीला नकार दिलात,” तो बायकांना तमिळमध्ये म्हणाला. “मग आता कशाला आलात? बाजूला व्हा.”

“आम्ही नाही म्हटलंच नाही, अय्या,” ती म्हणाली. “आम्ही मजुरी मागितली. हे रोप या हातांनी लावलंय. कापायला आलोय.”

“इथं लिहिलंय नकार दिला म्हणून. नुसता नाही, ठरवून दिला. इंग्रजीत लिहिलंय.” त्यानं कागद उंच धरला. त्या एका शब्दाखाली त्यानं पेन्सिलीनं रेघ ओढलेली होती.

“इंग्रजीत लिहिलं म्हणजे झालं का?” म्हातारी म्हणाली.

“गप्प बस. रायर, यांनी तुमच्यासमोर नकार दिला ना?”

“हो,” काका म्हणाले.

शिपाई काठ्या सरळ करून पुढं झाले. बायकांची रांग एक पाऊल मागं सरकली. ती नाही सरकली. परसात काय काय ऐकलं ते ती सगळं सांगू शकली असती, आमच्याच मराठीत, आणि काकांचं तोंड पाहण्यासारखं झालं असतं. ती बोलली नाही. कदाचित पंचवीस वर्षं जपलेली गोष्ट एका सकाळसाठी खर्चायची तिची तयारी नसेल. कदाचित मराठीत बोललेलं तिथं कुणी धरलंही नसतं. ती फक्त तिथं उभी होती, मी सापापुढं उभी राहिले होते तशी.

काकूनं माझं मनगट धरलं. मला कळलं की मी चालायला लागले आहे. “घरात जा,” काका मराठीत म्हणाले. शेतातून चालताना लोंब्या पायांना घासत होत्या. चारचौघांत मी कधीच बोलले नव्हते, वर्गातही नाही. तमिळमध्येच बोलायचं होतं, म्हणजे दोन्ही बांधांवर कळेल. मी इन्स्पेक्टरसमोर थांबले, आणि त्याच्या हातातल्या कागदाकडं बघत म्हणाले,

“सार, हे अक्षर माझं आहे. ज्या शब्दाखाली तुम्ही रेघ ओढलीत, तो मी माझ्या मनानं घातला. यांनी नकार दिलेला नाही. मी खोटं लिहिलं.”