तिसरी ते नववीसाठी एक नदी

एका काचेच्या टाकीत मी अख्खी नदी बसवली आणि तिसरी ते नववीच्या अभ्यासक्रमात बसवता बसवता ती मारून टाकली.

शाळेने ठरवलं होतं की परिसंस्थेचा प्रकल्प एकच, पण प्रत्येक वर्गाने तो वेगळ्या विषयातून करायचा. प्रमुख मी. (याद्या करणाऱ्या बाईला शाळेत कोणी मोकळं सोडत नाही.) तिसरीने चित्र काढायचं, पाचवीने गणितात गोगलगायी मोजायच्या, सातवीने गाळ कुठून आला ते नकाशात दाखवायचं, नववीने कोण कोणाला खातं ते सांगायचं. यादी जळगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर चिकटली.

नदी आणली आबांनी. आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याजवळ पांझरेकाठच्या गावात राहतात, आणि आई गेल्यापासून एकटेच. मी फोनवर म्हटलं, "आबा, शाळेसाठी नदीचं पाणी, गाळ आणि मासे हवेत. तुम्हीच घेऊन या." शाळेला गरज होती हे खरंच. पण एकदा आले की त्यांना परत जाऊ द्यायचं नाही, हा माझ्या यादीतला न लिहिलेला मुद्दा होता. ते दुधाच्या किटलीत नदी भरून, ती मांडीवर धरून एसटीने आले. टाकी मी मुद्दाम त्यांच्या खाटेसमोर ठेवली. आपली नदी उशाशी असल्यावर माणूस गावाची आठवण कशाला काढेल?

पंधरा दिवस मी घरीच एकेका वर्गाची तालीम केली. तिसरीला मासे दिसायला हवेत, म्हणून तळाचा गाळ काढला. पाचवीला गोगलगायी मोजता याव्यात, म्हणून शेवाळ आणि पानं काढली. मग सातवीच्या नकाशासाठी गाळ लागला, तो एका वाटीत लेबल लावून शेजारी ठेवला.

आबा बघत होते. शेवटी म्हणाले, "माय, गाळ नही, शेवाळ नही. मंग मासा काय खाई, तुन्ही यादी?"

"आबा, हे वर्गानुसार आहे."

"मासाले कोनता वर्ग?"

शनिवारी मुख्याध्यापिकाबाई टाकी पाहायला येणार होत्या. मी बाजारातून आले तर पाणी आरशासारखं लख्ख. गोगलगायी दारं लावून तळाशी बसलेल्या, आणि माशांनी पोटं वर केलेली.

"आबा, यात काय टाकलंत?"

"तुरटी फिराई दिधी. पाव्हनी येणारी शे अन् तू तिले गढूळ पानी दखाडशी?"

आमच्या गावी पाहुणा यायचा म्हटलं की माठात तुरटी फिरते. माझ्या नदीत गाळच उरला नव्हता, नाहीतर ती तुरटी माशांआधी गाळानेच खाल्ली असती. मुख्याध्यापिकाबाई आल्या, त्यांनी टाकी पाहिली, "पाणी छान स्वच्छ आहे," म्हणाल्या आणि चहा घेऊन गेल्या.

दुपारी टाकी धुऊन पालथी घातली. आता उरली नववीची प्रश्नपत्रिका. ती तरी पुरी करावी म्हणून टेबलाशी बसले. आबा मागे उभं राहून मोठ्याने वाचायला लागले, "सजीवाला त्याच्या जागेवरून हलवल्यास कोणती तीन लक्षणे दिसतात?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "भूक मरी जास. झोप लागत नही. अन् दिनभर एकच दिशाले दखत बशी र्‍हास."

"आबा, हा नववीचा प्रश्न आहे."

"मी चौथी शिकेल शे. तरी येस माले." मग हळूच म्हणाले, "सांजनी बस शे का धुळ्याले?"

होती. खिडकीजवळची जागा मीच धरून दिली. बस स्टँडबाहेर वळेपर्यंत त्यांनी एकदाच मागे पाहिलं, मग तोंड गावाकडे.

तीनपैकी तीन गुण द्यावे लागले. पंधरा दिवस ही तिन्ही लक्षणं माझ्याच घरात त्या खाटेवर बसली होती, आणि मी त्यांच्यासाठी सोमवारची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती.